कानात नाडीचा ठोका : ऑपरेशनच्या आधी डोळे तपासून घ्या

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"मी ३६ वर्षांची, कराडजवळ राहते, शाळेत शिकवते. गेल्या वर्षीच्या गणपतीपासून माझ्या उजव्या कानात 'हूश्श, हूश्श' असा आवाज येतो, अगदी नाडीच्या तालावर. जिना चढले की त्याचा वेग वाढतो. उजव्या कुशीवर झोपताच येत नाही. कानाखाली मानेवर बोट दाबलं की आवाज थांबतो आणि बोट काढलं की परत सुरू होतो. दोन डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे, ऐकू नीट येतंय असं सांगून नसांच्या गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणतात, कानात वारं भरलंय, कोमट तेल घाल. मिस्टर म्हणतात, लक्षच देऊ नकोस. मेंदूचा एमआरआय केला, तो नॉर्मल आला. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी कानाचा सीटी स्कॅन केला. ते म्हणाले, कानामागच्या मोठ्या शिरेवरचं हाड झिजलंय, शिरेला फुगा आलाय, ऑपरेशन करून त्यावर थर बसवू. तारीखही मिळाली आहे. करून घेऊ का? डोक्याचं ऑपरेशन म्हणून भीती वाटते.

ता. क. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन ५८ वरून ७९ किलोवर गेलं. सकाळी डोकं जड असतं. खाली वाकून उठले की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. अशक्तपणा असेल. एखादं टॉनिक सुचवाल का?"

ताई,

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर ताज्या कलमात आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. ऑपरेशनची तारीख सध्या पुढे ढकला. रद्द करायची गरज नाही, फक्त पुढे ढकला. आणि याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याचा नंबर काढून घरी परतू नका. त्यांना स्पष्ट सांगा की थेंब घालून बाहुली मोठी करा, मागचा पडदा बघा आणि दृष्टीच्या नसेच्या टोकाला सूज आहे का ते लिहून द्या. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसेल, त्यामुळे सोबत कोणाला तरी न्या.

इतकी घाई का, ते सांगते. बाळंतपणाच्या वयातली बाई, थोड्या काळात वाढलेलं वजन, सकाळचं जड डोकं, वाकून उठल्यावर काही सेकंद जाणारी नजर आणि कानात नाडीच्या तालावरचा आवाज. या पाच गोष्टी एकत्र आल्या की कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिली शंका यायला हवी ती मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढल्याची. या आजाराला इडिओपॅथिक इंट्राक्रेनिअल हायपरटेन्शन म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं आयआयएच. यात गाठ नसते आणि जीवाला सहसा धोका नसतो, पण दाब बरेच दिवस तसाच राहिला तर दृष्टीची नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. बऱ्याच जणींना पहिलं लक्षण कानातच जाणवतं. म्हणून हा विषय आम्हा कान-नाक-घसावाल्यांच्या दारात येतो, आणि म्हणूनच आम्ही कानापलीकडचे प्रश्न विचारायला हवेत.

अंधारी रक्तदाब उतरल्यानेही येते, रक्त कमी असल्यानेही येते. तुमच्या बाबतीत नेमकं काय आहे हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. नसेची सूज मात्र डोळ्यांचे डॉक्टर पाच मिनिटांत बघू शकतात. टॉनिकचा विचार त्यानंतर.

आता आवाजाबद्दल. कानात आवाज येण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पुष्कळ जणांना येतो तो रातकिड्यासारखा, शिट्टीसारखा, एकसुरी. तो बहुधा आतल्या कानाच्या आणि श्रवणाच्या मज्जातंतूंच्या बिघाडातून येतो. तिथे तपासण्या उरकल्यावर "लक्ष देऊ नका, हळूहळू सवय होईल" हा सल्ला खरोखर उपयोगी ठरतो. तुमचा आवाज त्या जातीचा नाही. नाडीच्या तालावर येणारा आवाज म्हणजे कानाच्या शेजारून वाहणाऱ्या रक्ताचा खराखुरा आवाज. तो शरीरात तयार होतो आणि कान तो प्रामाणिकपणे ऐकतो. त्यामुळे त्याचं कारण शोधायचं असतं, आणि नेटाने शोधलं तर बहुतेकांना ते सापडतं. लक्ष देऊ नकोस हा सल्ला या प्रकारात देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. नसांच्या गोळ्या आणि चक्करवरची बीटाहिस्टीन यांचा इथे काही उपयोग नाही. तेल तर मुळीच घालू नका. सासूबाईंचा हेतू चांगलाच असणार, पण ज्या जागेतून हा आवाज येतो तिथे तेल पोचत नाही.

मिस्टरांसाठी एक साधी परीक्षा सांगते. तुम्ही डोळे मिटून बसा आणि कानात येणाऱ्या प्रत्येक 'हूश्श'बरोबर मांडीवर बोट वाजवा. त्यांनी तुमच्या दुसऱ्या मनगटाची नाडी धरावी. दोन्ही ताल जुळले की त्यांना पटेल की हे मनाचे खेळ नाहीत. मग जिना चढून या आणि पुन्हा करा. डॉक्टरांनीही सुरुवात इथूनच करायची असते. आवाज नाडीशी जुळत नसेल, नुसता टकटक किंवा फडफड असा येत असेल, तर कधीकधी तो मधल्या कानातल्या किंवा टाळूच्या स्नायूंच्या आचक्यांचा असतो आणि त्याची वाट वेगळी.

मानेवर बोट दाबलं की आवाज थांबतो, हा तुमच्या पत्रातला दुसरा मोलाचा धागा. मेंदूतलं अशुद्ध रक्त कवटीच्या आतून आडवं येतं, कानामागच्या हाडाच्या पाठीमागून इंग्रजी एससारखं वळण घेतं आणि मानेतल्या मोठ्या शिरेत उतरतं. त्या वळणाला सिग्मॉइड सायनस म्हणतात. सर्दीत भरणाऱ्या सायनसशी त्याचा काही संबंध नाही. मानेतली शीर हलक्या बोटाने दाबली की वरचा प्रवाह मंदावतो. त्याने आवाज थांबत असेल तर तो धमनीचा नसून शिरेचा आहे, असं मानायला चांगला आधार मिळतो. मान त्याच बाजूला वळवल्यावर आवाज कमी आणि उलट बाजूला वळवल्यावर जास्त होतो का, तेही पाहून ठेवा. बहुतेकांच्या डोक्यात उजवीकडचा प्रवाह मोठा असतो, म्हणून असे रुग्ण उजव्या कानाची तक्रार घेऊन जास्त येतात. फक्त हा प्रयोग वारंवार करू नका, दोन्ही बाजू एकदम दाबू नका आणि जोर तर लावूच नका. शेजारीच मेंदूला रक्त नेणारी धमनी आहे. घरातल्या वयस्कर माणसांवर हा प्रयोग अजिबात नको.

म्हणजे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं कारण बिनबुडाचं नाही. सिग्मॉइड सायनसवरचं हाड पातळ होणं, नाहीसं होणं किंवा त्या जागी शिरेची भिंत फुग्यासारखी बाहेर येणं हे अशा आवाजाचं एक मान्य कारण आहे. मध्ये हाड नसलं की प्रवाहाचा आवाज कानामागच्या हवेच्या पोकळ्यांतून थेट मधल्या कानात पोचतो. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, असं पातळ हाड आवाज अजिबात न येणाऱ्या माणसांच्या स्कॅनमध्येही दिसतं. त्यामुळे स्कॅनमध्ये सापडलं म्हणजे तेच कारण, असं समीकरण मांडता येत नाही. बाजू जुळायला हवी, मानेवरच्या बोटाने आवाज थांबायला हवा आणि बाकीची कारणं तपासून बाजूला ठेवलेली हवीत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्यांच्या मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असतो त्यांच्या डोक्यातली आडवी शीर, ट्रान्सव्हर्स सायनस, कानाजवळ येताना बऱ्याचदा अरुंद झालेली असते. बागेतली नळी अंगठ्याने चिमटली की पाणी फुसफुसत, जोरात सुटतं ना, तसं त्या अरुंद जागेपुढे रक्त सुटतं, आणि तो झोत बरोबर सिग्मॉइडच्या भिंतीवर आदळतो. हाड झिजणं आणि फुगा येणं हे कित्येकदा या झोताचेच परिणाम असतात. म्हणजे स्कॅनमध्ये दिसलेला फुगा आणि ताज्या कलमातली अंधारी या दोन्ही एकाच आजाराच्या खुणा असू शकतात. मूळ दाब तसाच ठेवून वरून फुगा दाबला, तर आवाज परत येऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे, शीर आतून थोडी जरी आकसली तरी डोक्यातला दाब आणखी वाढतो. ऑपरेशननंतर तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणं, शिरेत गुठळी होणं अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी दाब तपासायचा, मग कानामागचं हाड.

आता तुमच्या 'नॉर्मल' एमआरआयकडे वळू. साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ नाही, रक्तस्राव नाही एवढं कळतं. आपल्याला प्रवाह बघायचा आहे. त्यासाठी शिरांचा एमआर व्हेनोग्राम आणि धमन्यांचा एमआर अँजिओग्राम लागतो, शिरांसाठी शक्यतो रंगद्रव्य देऊन. जुन्या एमआरआयची सीडी फेकू नका. ती न्यूरोरेडिओलॉजिस्टना, म्हणजे मेंदूचे स्कॅन वाचणाऱ्या तज्ज्ञांना, पुन्हा दाखवा आणि सोबतच्या चिठ्ठीवर "उजव्या कानात नाडीच्या तालावर आवाज, दाब वाढल्याची शंका" असं लिहून न्या. कवटीच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी चपटी झालेली दिसते का, डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू सपाट झाली आहे का, दृष्टीच्या नसेभोवती पाण्याचं आवरण रुंद झालंय का, या वाढलेल्या दाबाच्या खुणा आहेत. त्या शोधायला कोणी सांगितलंच नसेल तर रिपोर्टवर 'नॉर्मल' असंच लिहून येतं. मी कित्येक जुन्या फिल्म अशा दुसऱ्या वाचनात बोलत्या झालेल्या पाहिल्या आहेत.

रंगद्रव्याच्या तपासणीआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. गरोदरपणाची शंका असेल तर आधी सांगा. याच फेरीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड आणि रक्तदाब तपासा. रक्त पातळ झालं की ते वेगाने धावतं आणि निरोगी शिरांतही आवाज करतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं, महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. त्यामुळे आपल्याकडे कानाच्या डॉक्टरने हिमोग्लोबिन न बघता पुढे जाऊच नये. वाढलेल्या थायरॉईडनेही असाच आवाज येतो. काही जणींचा आवाज फक्त लोहाच्या गोळ्यांनी गेलेला आहे. आणखी एक प्रश्न : मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन अशा गोळ्या बरेच दिवस घेतल्या होत्या का? त्यांनीही मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण शिरेत गुठळी होण्याचा धोका त्यांच्याशी जोडलेला आहे, आणि गुठळीनेही हुबेहूब हेच चित्र तयार होतं.

दृष्टीच्या नसेला सूज निघाली तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे जा. स्कॅनमध्ये गाठ किंवा गुठळी नाही याची खात्री झाली की ते कमरेतून सुई घालून पाण्याचा दाब मोजतील. कुशीवर झोपवून मोजलेला दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर गेला तर तो वाढलेला मानतात. लोक 'पाठीतून पाणी काढणं' म्हणतात आणि खूप घाबरतात. पण ही सुई पाठीच्या कण्यात मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे पाय जाण्याची भीती मनातून काढून टाका. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. पाणी थोडं काढल्यावर कानातला आवाज काही काळ थांबला, तर ती गोष्ट लिहून ठेवा. निदानाला तिचा मोठा उपयोग होतो.

सूज नसेल तरी दाबाची शंका पूर्ण मिटत नाही. नसेला सूज न येताही थोड्या जणींमध्ये हा आजार असतो. तिथे व्हेनोग्राम आणि न्यूरॉलॉजिस्टचं मत निर्णायक ठरतं.

दाब वाढलेला निघाला तर पहिला उपाय वजन आणि असेटाझोलामाइड ही गोळी. गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते, मूतखडा होऊ शकतो, पण ती काम करते, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं. वजनाबद्दल मात्र मी जपून बोलते, कारण तुम्हाला आधीच पुष्कळ ऐकवलं गेलं असेल. दोन लेकरं, नोकरी, घर आणि वर रात्रीची झोप नाही, यात वजन वाढणं हा तुमचा गुन्हा नाही. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी, म्हणजे तुमच्या बाबतीत चार ते आठ किलो, दाबावर परिणाम दिसू लागतो. काहींना त्याहून जास्त कमी करावं लागतं. हे औषध म्हणून बघा, आहारतज्ज्ञाची चिठ्ठीही औषधाच्या चिठ्ठीसारखीच मागून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांचं ताट तुमच्याबरोबर बदलू दे.

एवढं करून आवाज छळत राहिला किंवा नजर धोक्यात आली, आणि आडवी शीर अरुंद असल्याचं दिसलं, तर स्टेंटचा, म्हणजे शीर आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचा, मार्ग आहे. मेंदूभोवतीच्या दाबासाठी शिरेत स्टेंट बसवल्याची पहिली नोंद केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली. आज आपल्याकडच्या मोठ्या न्यूरो केंद्रांतही तो बसवतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेतात आणि अरुंद जागेच्या अलीकडे-पलीकडे रक्ताचा दाब मोजतात. दोन्हींत साधारण ८ मिलिमीटर पारा किंवा जास्त फरक असेल तर स्टेंटचा विचार करतात. हे मोजमाप रुग्ण जागा असताना करणं चांगलं, कारण पूर्ण भूल दिली की आकडे फसवतात. ज्यांची निवड बरोबर झालेली असते त्यांच्यापैकी अनेकांचा आवाज स्टेंट बसवल्यावर लगेच थांबतो. त्यानंतर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, म्हणून पुढे मूल हवं आहे का हे आधीच डॉक्टरांना सांगा. स्टेंटनंतर काही दिवस त्या बाजूचं डोकं दुखतं. मेंदूत रक्तस्राव होणं किंवा शेजारी नवी अरुंद जागा तयार होणं हे धोके थोडे असले तरी खरे आहेत.

आणि दाब पूर्ण नॉर्मल निघाला, आडवी शीर अरुंद नाही, बाजू जुळते, बोट दाबल्यावर आवाज थांबतो, तर पुण्याच्या डॉक्टरांनी सुचवलेलं ऑपरेशन तुमच्यासाठी अगदी योग्य आहे. मग भिऊ नका. मेंदू उघडला जात नाही. पूर्ण भुलेत कानामागे काप घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली ड्रिलने तिथलं हाड कोरतात आणि सायनसवरची उघडी जागा मोकळी करतात. फुगा हळुवार आत बसवतात, त्यावर तुमच्याच डोक्याच्या स्नायूवरचं पातळ आवरण ठेवतात, आणि वरून हाडाचा भुसा किंवा बोन सिमेंटचा थर देतात. कानामागचं हाड कोरणं हे आम्हा कानाच्या सर्जनांचं रोजचं काम आहे. अवघड भाग एकच, शिरेवर किती दाब द्यायचा. कमी पडला तर आवाज राहतो, जास्त झाला तर शीर अरुंद होते. म्हणून सर्जनना सरळ विचारा : हेच ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलं आहे? त्यांतल्या किती जणांचा आवाज वर्षभरानंतरही थांबलेला होता? गुठळी कोणाला झाली का? रक्तस्राव झाला तर आत काय कराल? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. नीट निवडलेल्या रुग्णांत बहुतेकांचा आवाज थांबतो किंवा खूप उतरतो. घरी आल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या किंवा धूसर नजर यांतलं काहीही झालं तर वाट न बघता परत जा आणि शिरांचा स्कॅन करून घ्या.

कोणी मानेतली मोठी शीर बांधून टाकू असं सुचवलं तर नम्रपणे नकार द्या. पूर्वी हे करत असत. आवाज पुष्कळदा परतायचा, आणि तीच बाजू मुख्य असली तर डोक्यातून रक्त उतरायचा रस्ताच आवळला जायचा.

हे सदर वाचणाऱ्या ज्या इतरांना असा आवाज येतो, त्यांनी ताईंचं निदान आपलं समजू नये, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. मानेवर बोट दाबूनही आवाज थांबत नाही आणि डॉक्टरांना कानामागे स्टेथोस्कोप लावून तोच आवाज ऐकू येतो, तर धमनी आणि शीर यांच्यात मेंदूच्या आवरणात थेट जोड तयार झालेला असू शकतो. त्याला ड्युरल फिस्टुला म्हणतात. तो डोक्याला मार लागल्यावर किंवा शिरेत गुठळी होऊन गेल्यावर तयार होऊ शकतो. त्यातले काही निरुपद्रवी असतात, पण ज्यांत रक्त उलटं मेंदूच्या पृष्ठावरच्या शिरांत शिरतं ते फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एमआरआय स्वच्छ दिसला तरी शंका दाट असेल तर डीएसए, म्हणजे नळी घालून केलेली अँजिओग्राफी, करावीच लागते. उपचार बहुधा त्याच नळीतून, घट्ट होणारा द्रव सोडून तो जोड बंद करणं. आणि हे कृपया लक्षात ठेवा : फिस्टुलाचं निदान झालेल्या माणसाचा आवाज उपचाराविना एकाएकी थांबला तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नये. रक्ताने वेगळा, धोक्याचा मार्ग धरलेला असू शकतो. लगेच पुन्हा तपासणी हवी.

मानेला झटका बसल्यावर, सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर सुद्धा, अचानक असा आवाज सुरू झाला आणि मानेत किंवा चेहऱ्यात दुखू लागलं, एक पापणी उतरली, हातापायात कमजोरी आली, तर धमनीच्या भिंतीला चीर गेल्याची शक्यता असते. तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

कानाच्या पडद्यामागे लालसर गोळा दिसला तर ती ग्लोमस नावाची रक्ताने भरलेली गाठ असू शकते, किंवा जागा सोडून आलेली धमनी, किंवा वर चढलेली शीर. तिथे तुकडा काढून तपासायचा नसतो, कारण प्रचंड रक्तस्राव होतो. रस्त्यावर कान साफ करणाऱ्यांच्या हाती कान देऊ नका हे मी नेहमी सांगते, त्याचं हेही एक कारण. गाठ लहान आणि मधल्या कानापुरती असेल तर ऑपरेशनने पूर्ण निघते. मोठ्या गाठीला आधी रक्तपुरवठा बंद करून ऑपरेशन किंवा नेमका किरणोपचार, हा निर्णय वय आणि जवळच्या नसा बघून करावा लागतो.

स्वतःचा आवाज कानात घुमतो, पावलांचा आणि डोळे फिरवल्याचाही आवाज येतो, मोठ्या आवाजाने चक्कर येते, अशी तक्रार असेल तर आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड उघडं पडलेलं असू शकतं. हा आजार १९९८ मध्ये अमेरिकेत लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी प्रथम वर्णन केला. त्याआधी अशा माणसांना सर्रास मनोरुग्ण ठरवलं जाई. ती नलिका बुजवण्याचं ऑपरेशन आहे आणि त्रास फार असेल तर ते करतात.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. निदान होईपर्यंतच्या रात्री कशा काढायच्या? उशाकडची बाजू थोडी उंच करा. झोपताना पंख्याचा किंवा मोबाईलवर पावसाचा हलका आवाज ठेवा, कारण पूर्ण शांततेत हा आवाज जास्तच जाणवतो. झोप लागत नाही म्हणून स्वतःहून झोपेच्या गोळ्या सुरू करू नका. शाळेत कोणी "कशानं चिडचिड करतेस" म्हणालं, तर त्यांना कारण सांगून टाका. वर्षभर चोवीस तास स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकणाऱ्या बाईला थकवा येणारच, आणि तरीही तुम्ही वर्ग सांभाळता आहात.

खर्चाचं पत्रात विचारलं नाहीत, पण मनात असणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सुचवलेला उपचार त्यात बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. नळीतून करायच्या मेंदूच्या उपचारांसाठी मुंबईत केईएम, बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा अशी सार्वजनिक केंद्रं आहेत. रांग लांब असते, पण तिथे कान, डोळे, मेंदू आणि रेडिओलॉजी यांचे डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात. तुमच्या आजाराला नेमकं तेच हवं आहे.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून ताज्या कलमातली लक्षणं जशीच्या तशी सांगा आणि डोळ्यांची तपासणी व व्हेनोग्राम होईपर्यंत थांबते म्हणून कळवा. बहुधा ते स्वतःच थांबायला सांगतील. रिपोर्ट आले की सीटीच्या सीडीसह मला पाठवा. आणि त्याआधी कधीही अंधारी जास्त वेळ टिकू लागली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा नजरेचा एखादा कोपरा गेल्यासारखा वाटला, तर मग अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी नेत्रविभाग आणि न्यूरॉलॉजी दोन्ही असलेल्या रुग्णालयात जा.

तुमची,
कान-नाक-घसा विभागातली एक डॉक्टर